मुद्दल झाडावर आहे

रुपरावकाकांनी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून संत्रं सोललं आणि वासावरून प्रीतमच्या लक्षात आलं की संत्रं आपल्याच घरचं आहे. असं तो कुणाला सांगायला गेला असता तर लोकांनी गंमत समजली असती, कारण त्याचं सगळंच लोक गंमत समजत. पण विहिरीजवळच्या ओळीतल्या झाडांच्या सालीला ओल्या दोरखंडासारखा एक कडवट वास होता आणि तो वास दहावीपर्यंत त्याच्या दप्तरात मुक्कामाला होता. बाक एकच होता. एका टोकाला वादी, दुसऱ्या टोकाला प्रतिवादी, मधे वादीची कंडक्टरकीतली जुनी चामडी बॅग. काकांनी त्याच्यावर एक लाख साठ हजारांचा दावा लावला होता आणि ते त्याच्याच बापाच्या बागेतलं संत्रं खात होते, फोडींचे दोरे काढून, बिया तळहातावर जमवत. म्हणजे संत्र्यांची पेटी यंदाही गेली होती. खटला चालू असताना प्रतिवादीच्या घरून वादीच्या घरी फळं गेली होती आणि प्रतिवादीला त्याचा पत्ता नव्हता. काकांनी उरलेलं अर्धं संत्रं त्याच्याकडे सरकवलं. त्याच्याकडे न बघता. एकतीस वर्षं नागपूर-नरखेड गाडीत त्यांनी तिकिटं दिली तसंच, हात इकडे आणि नजर पुढच्या सीटवर. प्रीतमने घेतलं, खाल्लं. गोड होतं. याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुकारा झाला. दारातल्या शिपायाने वादी विचारला, काका उठले. वादीचे वकील विचारले, वेदिका मॅडम फाईल घेऊन उठल्या. प्रतिवादीचे वकील कोण म्हटल्यावर प्रीतमने हात वर केला. प्रतिवादी कोण म्हटल्यावर त्याने दुसरा हात वर केला. शिपायाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि इथे कुणी पिस्तूल रोखलेलं नाही, हात खाली घ्या म्हणून सांगितलं. तो आपलीच वकिली करत होता, कारण एका वकिलाने फी सांगितली ती ऐकून त्याला वाटलं की एवढे असते तर काकांनाच दिले नसते का. हा विचार त्याला तेव्हा विनोदी वाटला होता. त्याने तो दोन मित्रांना सांगितलाही. मित्र हसले आणि मग त्यांनी विषय बदलला, कारण विचारात विनोद होता तेवढाच हिशेबही होता.

आत आधीच्या एका दाव्यात दोन भाऊ एका भिंतीवरून भांडत होते. भिंत कुणाची हे ठरेपर्यंत प्रीतमला मागच्या खुर्चीत बसायचं होतं. मांडीवर फाईल होती. फाईलमधे त्याची कैफियत होती, म्हणजे दाव्याला त्याने दिलेलं लेखी उत्तर, आणि त्या उत्तरात तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. ते वाक्य त्याचं नव्हतं. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याने तयार नमुन्यातून ते उचलून घातलं होतं. सदर रकमेबाबत प्रतिवादीने वादीस कधीही लेखी कबुली दिलेली नाही. प्रीतमने विचारलं होतं, हे काय आहे. टायपिंगवाला म्हणाला होता की हे सगळेच टाकतात. मग प्रीतमनेही टाकलं, लोक नारळ फोडतात म्हणून आपणही फोडावा तसं, आणि खाली मजकूर खरा असल्याची सही केली. नंतर घरी जाऊन त्याने मोबाईलवर एका वकिलाचे व्हिडिओ पाहिले, एका रात्रीत सतरा, तेव्हा त्याला कळलं की आपण सही केली ते वाक्य म्हणजेच आपली सगळी केस आहे. उसने पैसे तीन वर्षांत मागितले नाहीत तर कोर्ट ते वसूल करून देत नाही. काकांनी दावा लावला तो सव्वातीन वर्षांनी. मात्र त्या तीन वर्षांत कर्जदाराने देणं कबूल आहे असं लिहून सही दिली असेल, तर मोजणी तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, की प्रीतमने कधी काही लिहून दिलं होतं का.

दिलं होतं. तीनदा.

मनीषनगरात काकांच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती आणि त्या खोलीत तो पाच वर्षं भाड्याने राहिला. खाली रुपरावकाका, सिंधूकाकू आणि शिकवण्या घेणारी त्यांची मुलगी दामिनी. काकांची दोन हसणी होती, हे प्रीतमला पहिल्याच महिन्यात कळलं. एक हसणं प्रवाशांसाठीचं. कुणी सुटे नसल्याचं सांगितलं, कुणी पाच वर्षांच्या पोराचं वय अडीच सांगितलं, की ते ओठांवर यायचं आणि पुढच्या सीटपर्यंत पुरायचं. ते नोकरीचं हसणं, निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे बरंच शिल्लक राहिलेलं. दुसरं घरचं. ते पोटातून सुरू व्हायचं, मधे एकदा विझायचं आणि खोकल्यासारखं परत पेटायचं, आणि ते गच्चीवर झोपलेल्या माणसाला स्लॅबमधून पाठीला कळायचं. त्या दुसऱ्या हसण्यावर प्रीतमने पाच वर्षं काढली. मिहानमधल्या एका कंपनीत तो दिवसभर लोकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायचा, तिथे हसायला परवानगी नव्हती, लिहिण्यात तर अजिबात नव्हती. संध्याकाळी जिना चढताना तो खालच्या दारात थांबून काहीतरी बोलायचा आणि काका हसले की मगच वर जायचा. पुढे पुढे वाटेतच काय बोलायचं ते जुळवत यायचा. त्याला वाटायचं, आपण या माणसाला भाड्याव्यतिरिक्त काहीतरी देतो आहोत.

मग त्याने नोकरी सोडून संत्रा मोमोचा ठेला लावायचं ठरवलं. नागपूर, संत्रं, मोमो. कागदावर या तीन शब्दांत काहीच चूक दिसत नव्हती. बँक हसली, तेही पहिलंच हसणं. काका मात्र कल्पना ऐकून घरचं हसणं हसले, त्यांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी निवृत्तीच्या पैशांतले एक लाख साठ हजार काढून आणले. सिंधूकाकू म्हणाल्या की कागद करून घ्या. काका म्हणाले, घरच्या पोराशी कसला कागद. तरी प्रीतमनेच एका वहीच्या पानावर लिहून दिलं, बारा मार्च, रक्कम मिळाली. ते पान काकांनी चामडी बॅगेत ठेवलं. त्या बॅगेत एक खाकी पाकीटही होतं, ते त्यांनी एकदा प्रीतमला दाखवलं होतं. गाडीत सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीमागे उरलेली रक्कम लिहितो, तिला गोल करतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. पैसे दिले की त्या गोलावर रेघ मारतो. काही माणसं विसरून उतरतात. अशा विसरलेल्यांचे रुपये काकांनी एकतीस वर्षं त्या पाकिटात वेगळे ठेवले होते, थांब्यांची नावं लिहून. आता ती माणसं कुठून सापडणार, असं प्रीतमने विचारलं होतं. काका म्हणाले होते, "त्यायले नसंल ठाव. मले तं आहे ना गा."

ठेला पाच महिने चालला. संत्रा मोमो खाऊन परत आलेला माणूस एकच, आणि त्याचा रुमाल राहिला होता. रोज पहाटे गच्चीवर प्रीतम मोठाली पातेली धुवायचा, चिकट पाणी कोपऱ्यात साचायचं, आणि त्या कोपऱ्याखाली काकांच्या बैठकीच्या स्लॅबला हळूहळू भारताच्या नकाशासारखा डाग पडत गेला. पुढे तो नकाशा शेजारच्या देशांतही पसरला. ठेला विकून, जुन्याच कंपनीत पुन्हा तक्रारींना उत्तरं द्यायला लागून प्रीतमला दोन वर्षं झाली, मधे खोलीही सुटली, तेव्हा एका दुपारी त्या नकाशाचा मधला भाग सिंधूकाकूंच्या खांद्यावर पडला. खांदा बरा झाला. स्लॅब नवा टाकायचा तर दीड-पावणेदोन लाख लागतील असं मिस्त्रीने सांगितलं. मग दामिनीने वडिलांची बॅग उघडली आणि वहीचं पान काढलं. दाव्याच्या नोटिशीतलं हे सगळं प्रीतमने उभ्यानेच वाचलं होतं. त्यात पातेल्यांच्या पाण्याचा उल्लेख नव्हता. काकांनी ते दामिनीला सांगितलंच नव्हतं. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला कुणी विचारलेलं नाही ती आपल्याला किती तपशिलात आठवते याचं त्याला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. कडेने वाहत जाणारा तांदळाच्या पिठाचा पांढरा ओघळ, त्यात अडकलेली एक बी.

तो पैसे देणारच होता, ही गोष्ट त्याला कोर्टाला सांगावीशी वाटायची. कोर्ट विचारेल, कधी. बाबांच्या घरची रीत अशी होती, की ज्याचं काही देणं आहे त्याच्याकडे बहराची पहिली पेटी जायची, बाजारात माल उतरायच्या आधी. रामाजी, म्हणजे त्याचे बाबा, या बाबतीत मागेपुढे बघत नसत. त्यांनी एकदा मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याचे चाळीस रुपये राहिले म्हणून त्याला सहा डझन संत्री नेऊन दिली होती, आणि तो माणूस घाबरून चाळीस रुपये सोडायला तयार झाला होता. पोराने उसने घेतल्याचं कळल्यावर पहिल्याच फेब्रुवारीत पेटी एसटीने आली. प्रीतमने ती बसस्थानकावरून घेतली, काकांकडे नेली, आणि रिकाम्या हाताने पेटी दिल्यासारखं वाटायला लागलं म्हणून वर एक चिठ्ठी ठेवली. काका, हे यंदाचं व्याज. मुद्दल झाडावर आहे, पिकलं की उतरवतो. आपला कर्जदार, प्रीतम. तारीख. खाली झोकदार सही, कारण सहीशिवाय विनोद पुरा होत नव्हता. काका एवढे हसले की काकूंनी पाणी आणलं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, व्याजाला साल आहे, सोलून घेणे. तिसऱ्या वर्षी, तोवर तो खोली सोडून गेला होता आणि पेटी गेटावर ठेवून बेल न वाजवताच वळला होता, तरी चिठ्ठी होती. यंदा बिया कमी निघतील. मुद्दलाची तब्येत बरी आहे, आपली आठवण काढते. त्या वर्षी हसण्याचा आवाज ऐकायला तो थांबला नाही. आणि मागच्या दिवाळीत गावी बाबांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, दिले. कधी दिले? दिले ना बाबा. एकदा खोटं बोललं की जीभ हलकी होते, अंगावरचा स्वेटर काढल्यासारखं वाटतं, असं त्याला वाटलं, आणि मग थंडी वाजली.

मग देणं फिटलं असं समजत असताना बाबांनी यंदा पेटी का पाठवली? हा प्रश्न भिंतीच्या भांडणातून वाट काढत त्याच्यापर्यंत आला आणि तिथेच बसला, कारण तेवढ्यात भिंतीला पुढची तारीख पडली आणि काकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं. काकांनी शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. बॅग खाली ठेवा म्हटल्यावर त्यांनी ती पायाशी ठेवली आणि पायाने घट्ट धरली, चालत्या गाडीत धरतात तशी. न्यायाधीश मॅडम चाळिशीच्या, शांत, सर्दी झालेल्या. त्यांनी प्रीतमला उलटतपासणी सुरू करायला सांगितलं आणि भाषण करायचं नाही, प्रश्न विचारायचे, असं बजावलं.

तुम्ही मला ओळखता का, हा त्याचा पहिला प्रश्न. तो व्हिडिओत नव्हता, तो आपसूक आला. काका म्हणाले, थोडाबहुत. न्यायाधीश मॅडमनी मान वर न करता टाइप करणाऱ्याला सांगितलं, प्रतिवादीला ओळखतो. त्याने विचारलं, मी धंद्यासाठी पैसे घेतले त्या धंद्यातले मोमो तुम्ही खाल्ले होते का. वेदिका मॅडमनी हरकत घेतली. रक्कम कुठे गेली ते दाखवायचं आहे असं प्रीतमने गंभीरपणे सांगितलं, आणि न्यायाधीश मॅडमनी, बहुधा उत्सुकतेपोटी, परवानगी दिली. दोन खाल्ले, काका म्हणाले, घरचा म्हणून. मागे कुणीतरी हसलं. टाइप करणाराही हसला. काका हसले नाहीत. प्रीतमने त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी हे एवढं वाक्य त्यांना संध्याकाळभर पुरलं असतं. आपण या माणसाला हसवण्यासाठी इतकी वर्षं वाटेत वाक्यं जुळवली, आणि आज जुळवलंय ते वाक्य तर त्यांना बुडवण्यासाठी. त्याने फाईल उघडली, बंद केली, आणि पाठ केलेला प्रश्न विचारला.

"बारा मार्चला पैसे दिल्यानंतर, आजपर्यंत, माझ्याकडून तुम्हाला लेखी काही मिळालं का?"

काकांनी पायाशी पाहिलं. वरचा पंखा प्रत्येक फेरीत एकदा टक्क करत होता. लेखी म्हणजे कसं, असं त्यांनी न्यायाधीश मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठी, मेसेज, काहीही, यांच्या सहीचं. वेदिका मॅडम आपल्या अशिलाकडे पाहत हळूच उभ्या राहिल्या. काकांची चप्पल बॅगेवर होती. प्रीतमला त्या बॅगेच्या आतलं सगळं दिसत होतं, वहीच्या पानाची रिकामी जागा, खाकी पाकीट, आणि तीन चिठ्ठ्या, घडी घातलेल्या, कारण हा माणूस दुसऱ्याचे दोन रुपये एकतीस वर्षं सांभाळतो. त्याला वाटलं, आता ते वाकतील. त्याला वाटलं, वाकावं. आपण हरावं असं त्याला इतकं मनापासून वाटलं की क्षणभर त्याला आपण चांगला माणूस आहोत असा भास झाला.

"नाही म्हणून लिवा," काका म्हणाले.

मॅडमनी टाइप करणाऱ्याला मजकूर सांगितला. मग प्रीतमकडे वळून, आणखी काही प्रश्न आहेत का, असं विचारलं. एक होता. तुमच्या बॅगेत काय आहे, एवढाच. चार शब्द, मोमोपेक्षा सोपे. तो विचारला असता तर प्रतिवादीने वादीचा दावा स्वतः शाबीत केला असता, आणि अशा वकिलाला प्रतिवादीने लगेच काढून टाकलं असतं. हा विनोद त्याला तिथल्या तिथे सुचला, चांगला होता, आणि तो मनात घोळवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात त्याचं तोंड म्हणालं, नाही. दोघांचे नाही एकाखाली एक टाइप झाले. काकांनी कागद वाचून सही केली, तिकिटाच्या मागे करायचे तेवढीशी. पुढची तारीख अठरा मार्च पडली.

बाहेर वेदिका मॅडम काकांना काहीतरी विचारत होत्या, काका मान हलवत होते. मॅडम गेल्यावर त्यांनी प्रीतमला हाताने बोलावलं आणि बॅगेतून खाकी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्यात सुटे पैसे नव्हते. चार चिठ्ठ्या होत्या. तीन त्याच्या. प्रत्येकीच्या पाठीमागे निळ्या पेनने एक लाख साठ हजार लिहून गोल केलेला, कोपऱ्यात पेटी मिळाली आणि तारीख. चौथी बाबांच्या अक्षरात होती, ओळी उतारावरून घसरल्यासारख्या.

रुपरावजीस नमस्कार. पोराने तुमचे पैसे फेडले म्हणाला. मनावरचं ओझं उतरलं. आता देणं नाही तरी पेटी तुमचीच, यंदा नात्याची समजा. रामाजी.

तिच्याही पाठीमागे एक लाख साठ हजार होते, गोलात. त्या गोलावर रेघ मारलेली होती. रेघेखाली मागच्या आठवड्यातली तारीख.

"मागल्या हप्त्यात या चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या, वकीलबाईले द्याले," काका म्हणाले. "तं पेटी आली. आता कोर्टानं पैसे बाकी आहेत म्हणून लिवलं, तं तो कागद जाईन तुह्या गावी. तुह्या बापाले काय सांगू मी?"

"आणि स्लॅब?" प्रीतमने विचारलं.

"पडला तं पडला. काकू आता सैपाकघरातच बसते."

देतो काका, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते साधं वाक्य त्याने चार वर्षांत इतक्यांदा टाळलं होतं की आता त्याला ते सापडेना, आणि हाताशी होतं ते निघून गेलं. तो म्हणाला, "काका, मुद्दल पुढच्या बहाराले नक्की उतरवतो."

काका हसले. ओठांवर, पुढच्या सीटपर्यंत पुरेल एवढं. मग बॅग खांद्याला लावून, सावकाश, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते उतरून गेले. फाटकाशी दामिनी गाडी घेऊन उभी होती. तिने लांबूनच काय झालं असं विचारलेलं दिसलं आणि काकांनी हात हलवलेला दिसला.

प्रीतम परत आत गेला. न्यायाधीश मॅडम दुसरं प्रकरण ऐकत होत्या. त्याने शिपायाला सांगितलं की मला एक कागद दाखल करायचा आहे. शिपायाने विचारलं, कोणाकडून. प्रतिवादीकडून. कोणाच्या बाजूने. वादीच्या. शिपायाने त्याला कोपऱ्यात घेतलं आणि हलक्या आवाजात समजावलं की असं करत नाहीत, वकिलाला विचारा. प्रीतम म्हणाला, वकील ऐकत नाही. बरं मग अठरा मार्चले या, शिपाई म्हणाला, तोवर इचार करून घ्या. त्याच्या सांगण्यात थट्टा नव्हती, आणि प्रीतमला ठाऊक होतं की पंधरा-वीस दिवस विचार करायला मिळाले तर आपण काय करू. तो व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला. मधल्या जागेवर साल पडली होती, एकसंध, काकांनी एका पट्टीत सोललेली, आणि तिच्यात सात बिया नीट ठेवलेल्या.

फोन वाजला. बाबांचा होता. मागे मोटारपंपाचा आवाज होता, म्हणजे ते विहिरीवर उभे होते. यंदा पेटी एसटीच्या कंडक्टरच्या हाती परस्पर रुपरावजीकडे धाडली, तुले सांगाले विसरलोच, असं ते म्हणाले. पोचली का?

"पोचली," प्रीतम म्हणाला.

"काय म्हनले गा रुपरावजी?"

त्याने एक बी उचलून परत सालीत ठेवली.

"हासले," तो म्हणाला.